बिनसर्किटाची नळी

पावसाळ्यात लाइट गेली की घराघरांत एक ठरलेला प्रकार होतो. कुणीतरी फळीवरची जुनी टॉर्च काढतं, बटण सरकवतं आणि उजेड काही पडत नाही. मग टॉर्च तळहातावर दोनदा आपटायची, मागचं झाकण थोडं सैल करून पुन्हा आवळायचं, की ती लख्ख पेटते. सेल तेच, बल्ब तोच. रिमोटचे सेल बोटाने जागच्या जागी फिरवले की टीव्ही पुन्हा ऐकू लागतो, तेही याच जातीचं कोडं. "सेल हलला असेल" असं म्हणून आपण विषय संपवतो. पण सेल हलून हलून जाणार कुठे? तो तर आधीपासून गच्च बसलेला असतो.

हे कोडं नीट सोडवायचं तर टॉर्चपेक्षा तिच्याच कुळातली दुसरी एक वस्तू जास्त कामाची आहे. तिचं नाव मेकॅनिकल मॉड. वापरणाऱ्यांच्या तोंडी नुसतं 'मेक मॉड'. ई-सिगारेटचा हा सगळ्यात उघडावाघडा प्रकार. टॉर्चच्या सांध्यांवर मळ बसला तर फार तर अंधारात चाचपडावं लागतं. इथे मळ बसला तर नळी हातात तापते, बटण दाबलेलं अडकून राहतं, आणि गोष्ट हाताबाहेर गेली तर जिवावर बेतते. म्हणूनच ही नळी कशी साफ करतात आणि मुळात का करतात, हे पाहण्यासारखं आहे.

एक खुलासा आधीच करतो. भारतात सप्टेंबर २०१९च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आली. त्यामुळे पुढे जे येतं ते ब्रिटन, अमेरिका, फिलिपिन्स अशा देशांतल्या वापराबद्दल आहे. निकोटीनचं व्यसन लावणाऱ्या वस्तूची भलामण करायला मी बसलेलो नाही. पण शाळेत घोकलेला ओहमचा नियम इतक्या उघडपणे काम करताना दिसावा, अशा वस्तू फार थोड्या आहेत.

टॉर्चच्या नळीतून

आजच्या ई-सिगारेटचं श्रेय चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांना दिलं जातं. काळ २००३च्या आसपासचा. सुरुवातीच्या या वस्तू दिसायला हुबेहूब सिगारेटसारख्या, आणि त्यामुळे त्यांच्यातला सेलही इवलासा. थोड्याच वेळात त्याचा जीव जायचा. ब्रिटन-अमेरिकेतल्या काही खटपट्या लोकांनी २००८च्या सुमारास यावर घरगुती तोडगा काढला. टॉर्चची नळी घ्यायची, तिच्यात दणकट सेल घालायचा, आणि बल्बच्या जागी वाफ करणारं डोकं बसवायचं. पुढे टॉर्चची नळी मागे पडली आणि लेथवर तांबं, पितळ, स्टील कातून खास नळ्या होऊ लागल्या. फिलिपिन्समधल्या छोट्या वर्कशॉपांनी तर यात नाव काढलं. कोरीवकाम केलेल्या तिथल्या तांब्या-पितळेच्या नळ्या हौशी लोक जगभर जमवत असत.

तोवर चिप बसवलेल्या ई-सिगारेटी बाजारात आल्या होत्या. त्यांच्यातली चिप सेलवर नजर ठेवते: सेल फार उतरला की वीज तोडते, शॉर्ट झालं की वीज तोडते, बटण फार वेळ दाबलेलं राहिलं तरी तोडते. मेक मॉडमध्ये यातलं काहीही नाही. वायरसुद्धा नाही.

विजेची वाट

हातात घेतली तर ही अंगठ्याहून थोडी जाड अशी धातूची नळी. तळाला बटण, मधे एक सेल, वर ॲटमायझर, म्हणजे वाफ करणारं डोकं. सेल बहुतेक वेळा '१८६५०' नावाचा असतो: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य तो दंडगोल असल्याची खूण. लिथियम-आयन जातीचा हाच सेल लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत असायचा. ॲटमायझरमध्ये तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि तिच्यातून ओवलेला कापूस. कापूस गोडसर द्रव शोषून घेतो, तार तापते, द्रवाची वाफ होते.

आता वीज कुठून कुठे जाते ते पाहा. सेलच्या धन टोकावरून ॲटमायझरच्या मधल्या पिनेत, तिथून कॉइलमध्ये, कॉइलमधून ॲटमायझरच्या बाहेरच्या अंगात, मग आट्यांमधून नळीत, नळीच्या भिंतीतून खाली, खालच्या आट्यांमधून बटणाच्या घरात, बटणातून सेलच्या ऋण टोकावर. नळी हे नुसतं घर नाही, तीच वायर आहे. या वाटेवर निदान चार-पाच ठिकाणी एक धातू दुसऱ्या धातूला टेकतो. साफसफाईचा सगळा प्रश्न याच टेकण्याचा आहे.

दोन किसण्या

धातूचे दोन गुळगुळीत तुकडे एकमेकांवर दाबले की ते सगळीकडे टेकले, असं डोळ्यांना वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली कोणताही पृष्ठभाग खडबडीतच असतो. खोबऱ्याच्या दोन किसण्या दात्यांना दाते लावून ठेवल्या, तर त्या फक्त काही दात्यांच्या टोकांवर टेकतील आणि बाकी सगळी पोकळी राहील, धातूंचंही तसंच. वीज जायची ती या थोड्याशा टोकांमधून. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात या टोकांचा असा बारकाईने अभ्यास केला, की विजेच्या सांध्यांवरची जागतिक परिषद आजही त्यांच्या नावाने भरते.

खरा स्पर्श किती होतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: धातू किती मऊ आहे आणि दाब किती आहे. तुकडा केवढा मोठा आहे याचा फारसा संबंध नाही. तांब्यावर तांबं साधारण एक किलोच्या भाराने दाबलं, तर खरा स्पर्श होतो तो चौरस मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. रुपयाएवढं बटण असो की चवलीएवढं, टेकणार तेवढंच.

आणि या टोकांवर मळ असतो. तांबं हवेत राहिलं की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आधी तांबूस, मग काळपट. हा थर विजेला नीट वाट देत नाही. त्यात घामातलं मीठ आणि चिकट द्रवाचा लेप आला की उरलेली टोकंही झाकली जातात. वाट अरुंद झाली की रोध वाढतो. टॉर्चचं झाकण फिरवताना सेल हलत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले जातात, थर खरवडला जातो, आणि काही नवी, उघडी टोकं एकमेकांना भेटतात. तळहातावर आपटल्यानेही तेच होतं.

टॉर्चमध्ये असा मळ बराच साचेपर्यंत कळत नाही, कारण जुन्या बल्बच्या टॉर्चमधून वीज वाहते ती जेमतेम ०.३ अँपिअर. मेक मॉडमधून सहज २० अँपिअर जाते. सांध्यावर तयार होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा ६०-७० पट, तर त्याच सांध्यावर उष्णता चार हजार पटींहून जास्त.

┌──────────────────────────────
चौकट : मळाचा हिशेब

पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा आणि कॉइल ०.२ ओहमची धरू. सेलचा स्वतःचा रोध हिशेबात धरलेला नाही.

सांधे अगदी स्वच्छ असतील तर धारा २१ अँपिअर, कॉइलमध्ये ८८ वॉट.

सांध्यांवर सगळा मिळून ०.०२ ओहमचा मळ असेल तर धारा १९ अँपिअर, कॉइलमध्ये ७३ वॉट, सांध्यांवर ७ वॉट.

०.०५ ओहमचा मळ असेल तर धारा १७ अँपिअर, कॉइलमध्ये ५६ वॉट, सांध्यांवर १४ वॉट.

२,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे चांगल्या कंपन्यांचे सेल सलग साधारण २० अँपिअर देण्यासाठी बनवलेले असतात. म्हणजे ०.२ ओहमची कॉइल स्वच्छ नळीत लावली तर सेल मर्यादेच्या बाहेर जातो. ०.३ ओहमला धारा १४ अँपिअर पडते.
└──────────────────────────────

सात वॉट ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते पिसवेएवढ्या जागेत निर्माण होत असतात, म्हणून बटण चटका देऊ लागतं. चौकटीतली शेवटची ओळ मात्र वापरणारे फार वेळा विसरतात. मळक्या नळीत जी कॉइल बेताची वाटत होती, तीच नळी घासूनपुसून लख्ख केल्यावर सेलला झेपेनाशी होऊ शकते. साफसफाई केली की कॉइलचा हिशेब पुन्हा करायचा असतो.

मळ कुठून येतो

बाहेरचा मळ हाताच्या घामाने येतो. आतला मळ वरून गळतो. वाफेच्या द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे ॲटमायझरच्या तळातून ओघळलेला थेंब वाळत नाही. तो आट्यांत उतरतो, तिथली काळी भुकटी गोळा करतो, आणि काजळासारखी खीर होऊन बसतो. आटे फिरवताना आधी करकर आवाज येतो, नंतर ते फिरायलाच तयार होत नाहीत.

तिसरा मळ बटणाखाली तयार होतो. बटण दाबताना आणि सोडताना, २० अँपिअरच्या वाटेत, स्पर्शबिंदूवर बारीक ठिणगी पडते. धातूचा कणभर भाग वितळतो, उडतो, जळतो. बरेच दिवस वापरलेल्या बटणाचा टेकणारा भाग भिंगाखाली धरला तर मधोमध काळा ठिपका दिसतो, त्याच्याभोवती खड्ड्यांची कड. म्हणून चांगल्या नळ्यांत तिथे चांदीचा मुलामा असतो. चांदी विजेला तांब्याहूनही सोपी वाट देते. हवेतल्या गंधकाने ती काळी पडते खरी, पण तो काळा थर मऊ असतो, दाबाखाली फाटतो. स्टीलची नळी दिसायला टिकाऊ, पण विजेच्या बाबतीत ती तांब्याच्या जवळपासही नाही. तांब्यातून जेवढी सहज वीज जाते त्याच्या दोन-तीन टक्केच स्टीलमधून जाते. पितळ मधलं, तांब्याच्या पावपटीच्या थोडं वर.

चिंच, केचप आणि साबण

साफ करायला पहिलं काम सेल बाहेर काढण्याचं. हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो. सेल आत असताना नळी ओल्या फडक्याने पुसणारे लोकही असतात.

मग नळीचा एकेक भाग सुटा करायचा: बटण, त्याची स्प्रिंग किंवा चुंबक, बटण चुकून दाबलं जाऊ न देणारी कुलूप-कडी, पिन, प्लास्टिकच्या चकत्या. चकत्या बाजूला काढून ठेवायच्या. त्यांच्याकडे पुढे येऊ. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल पाण्यात सहज विरघळतात, म्हणून चिकटपणा घालवायला कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. आट्यांसाठी जुना दात घासायचा ब्रश. इथेच आरंभ करायचा, कारण तेलकट-चिकट लेपाखालच्या ऑक्साइडपर्यंत आंबट पोहोचत नाही.

आंबटाचं काम आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. देवाची भांडी चिंचेच्या कोळाने का घासतात? आम्ल तांब्याच्या ऑक्साइडशी संयोग पावून पाण्यात विरघळणारे क्षार तयार करतं, खालचा धातू उघडा पडतो. लिंबाला मीठ लावून घासलं की काम लवकर होतं, कारण क्लोराइडमुळे तांबं विरघळायला मदत होते. अमेरिकेतले मेक मॉडवाले यासाठी टोमॅटो केचप वापरतात. त्यात हसण्यासारखं काही नाही: केचपमध्ये व्हिनेगर आहे, टोमॅटोची आम्लं आहेत, मीठ आहे, आणि ते घट्ट असल्यामुळे उभ्या नळीवरूनही घसरत नाही. चिंचेचा कोळही याच गुणावर भांड्याला धरून राहतो.

फक्त वेळ सांभाळावी लागते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते आंबटात तासन्‌तास बुडवून ठेवलं तर पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि नळी ठिकठिकाणी गुलाबी दिसू लागते. तो गुलाबी डाग मळ नाही, ती पितळेची झीज आहे, आणि आणखी घासून ती भरून येत नाही. चार-पाच मिनिटं चोळून लगेच धुतलेलं बरं. ॲल्युमिनियमच्या नळीला आंबट किंवा सोडा, काहीच लावू नये. तिला साबणपाणी पुरे.

धुण्यात मात्र कंजुषी नको. आट्यांत व्हिनेगर राहिलं तर हिरवानिळा जंगाल चढतो. मीठ राहिलं तर तांबं दोन दिवसांत पुन्हा काळवंडतं, आधीपेक्षा वेगाने. भरपूर पाण्याने विसळायचं, फडक्याने पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी आट्यांतून फिरवायची. अल्कोहोल आट्यांत दडलेलं पाणी सोबत घेऊन उडून जातं. ते पूर्ण उडेपर्यंत सेल घालायचा नाही, कारण ते पेट घेतं आणि या यंत्रात ठिणगी पडते हे आपण पाहिलंच.

कशाने घासू नये, तर तारेच्या घासणीने. तिचे केसासारखे तुकडे आट्यांत अडकतात, दिसत नाहीत, आणि ते वीज वाहून नेतात. बटणाच्या चांदीच्या मुलाम्यावर काचकागद फिरवणं हा दुसरा आडमुठेपणा. मुलामा मायक्रोमीटरांत मोजावा इतका पातळ असतो. दोन-तीनदा घासला की खालचं पितळ वर येतं. तिथे नाण्याएवढ्या नरम कापडाच्या तुकड्याला थोडं पॉलिश लावून फिरवावं आणि पॉलिशचा पांढरा अवशेष अल्कोहोलने पुसून काढावा. हा अवशेष बारीक भुकटीचा असतो आणि भुकटी वीज वाहू देत नाही. चकचकीत बटण असूनही नळी मंद चालते तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

नळीच्या बाहेरच्या चकाकीचा या सगळ्याशी काहीही संबंध नाही. बाहेरून तांबं तपकिरी, काळं, ठिपक्याठिपक्यांचं झालं तरी त्याच्या भिंतीतून वीज तशीच जाते. तासभर बाहेरून पॉलिश करून आटे तसेच ठेवणाऱ्यांची कीव येते. उलट करावं.

बटण, स्प्रिंग, चकत्या

मघाशी म्हटलं की खरा स्पर्श दाबावर ठरतो. बटण वर ढकलणारी गोष्ट स्प्रिंग असते किंवा एकमेकांना दूर लोटणारी चुंबकं. काही रचनांत वीज स्प्रिंगमधूनच जाते. सांधा तापला की स्प्रिंग तापते, तापलेली स्प्रिंग आपला ताण गमावते आणि आखूड राहते. चुंबकांचंही तेच. नेहमीची निओडिमियम चुंबकं ८० अंश सेल्सिअसच्या वर गेली की दुबळी पडू लागतात, आणि थंड झाल्यावर पूर्ण ताकद परत येत नाही.

दुबळ्या स्प्रिंगचा त्रास दुहेरी. बटण नीट मागे येत नाही. त्यात घराच्या कडेला ती चिकट खीर असेल तर दाबलेलं बटण दाबलेलंच राहतं. चिप नाही, म्हणजे वीज तोडणारं कुणी नाही. कॉइल लाल होते, कापूस जळतो, सेल तापतो. म्हणून साफ केल्यावर बटण तिरकं, उलटं, सुलटं धरून दाबून पाहायचं: प्रत्येक वेळी टक् करून सुटलं पाहिजे. टेबलावर उभी ठेवल्यावर नळी स्वतःच्या वजनाने चालू होता कामा नये. आणि वापरात नसताना कुलूप-कडी फिरवलेली असावी. पण तिच्यावर फार विसंबू नये, सेल काढून ठेवणं त्याहून बरं.

बाजूला ठेवलेल्या चकत्या. मधली पिन धन, नळी ऋण. दोघींना एकमेकींपासून लांब ठेवणारं तिथे एवढंच एक प्लास्टिक असतं. स्वस्त नळ्यांत ते ॲसिटल जातीचं असतं आणि ते १७५ अंशांच्या आसपास वितळतं. महागात पीक नावाचं, जे ३४३ अंशांपर्यंत तग धरतं. चकती पिवळी पडलेली, कडेला दबलेली किंवा पिनेभोवती सैल झालेली दिसली तर ती धुऊन उपयोग नाही. बदलायची.

सेलचं वेष्टन

सेलचं रंगीत प्लास्टिकचं वेष्टन हे शोभेचं आहे असं समजू नका. १८६५० सेलचा सगळा डबा, थेट वरच्या कडेपर्यंत, ऋण असतो. धन टोक म्हणजे वरची मधली टोपी. टोपी आणि कड यांच्यात अंतर असतं मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, तिथे एक पातळ चकती आणि वेष्टनाची दुमडलेली कड. नळीत सेल घालता-काढताना हीच कड खरचटते. नळी धातूची, ती ऋण बाजूला जोडलेली. वेष्टन फाटलं आणि डबा नळीला टेकला तर बटणाला वळसा घालून वाट तयार होते: बटण न दाबताच कॉइल पेटते.

याहून वाईट प्रकार 'हायब्रिड' नळ्यांत होऊ शकतो. त्यांत मधली वेगळी पिन नसते; ॲटमायझरची पिन सरळ सेलच्या टोपीवर टेकते. ती पिन आट्यांच्या पुढे स्पष्ट आलेली नसेल, तर आट्यांची कड एकाच वेळी टोपीला आणि डब्याच्या कडेला टेकते. मग कॉइलही वाटेत नाही. दहा-वीस मिलिओहमच्या वाटेतून सेलला आपली सगळी ताकद एकदम ओतावी लागते.

म्हणून प्रत्येक वेळी सेल नळीत घालण्यापूर्वी तो उजेडात बोटांमध्ये फिरवून पाहायचा. चीर दिसली तर उष्णतेने आक्रसणारं नवं वेष्टन मिळतं; जुनं काढून ते चढवायचं आणि केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा लावायची. वरची पांढरी चकती हरवू द्यायची नाही. डब्यावर पोचा असेल तर वेष्टन बदलण्याच्या फंदात पडू नये, सेलच टाकून द्यावा, तोही घरच्या कचऱ्यात नव्हे. आणि सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीच नाही.

भोकं

नळीच्या तळाशी किंवा बटणाजवळ दोन-चार भोकं असतात. कोरीवकामात ती लपून जातात, आणि बरेच जण ती नक्षीचाच भाग समजतात. सेल बिघडून आत साखळी-प्रक्रिया सुरू झाली की त्यातल्या ज्वालाग्राही द्रवाचा वायू होतो. सेलची टोपी फुटून वायू बाहेर पडतो, तो याच भोकांतून निघून जायला हवा. भोकं मळाने बुजली असतील तर दोन्ही टोकांना आट्यांनी आवळलेल्या जाड धातूच्या नळीत दाब चढत जातो. शेवटी जे सैल असेल ते सुटतं, आणि बहुतेक वेळा ते वरचं डोकं असतं, म्हणजे तोंडाच्या बाजूचं.

मे २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये ३८ वर्षांच्या एका माणसाचा असा अंत झाला. यंत्र मेक मॉड प्रकारचं होतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७च्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या होत्या, सगळ्या प्रकारच्या यंत्रांच्या मिळून. वापरणाऱ्यांच्या संख्येपुढे हा आकडा लहान आहे. पण चिप असलेल्या यंत्रात संरक्षणाचे जे थर असतात, त्यांतला इथे एकच उरलेला आहे, आणि तो म्हणजे ही भोकं. साफ करताना नळी उजेडाकडे धरून पाहावं; प्रत्येक भोकातून उजेड आरपार आला पाहिजे. नाही आला तर लाकडी दातकोरणी पुरते.

कॉइलबद्दल थोडंसं

कॉइलवर बसणारा काळा थर वेगळा: तो द्रवातल्या गोडव्याचा जळका पाक असतो. कापूस काढून टाकून रिकामी तार हलकेच तापवली की तो जळून कोरडा पडतो, मग पाण्याने विसळून बारीक ब्रशने झटकला की सुटतो. कान्थल नावाच्या लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या तारेला हे सोसतं, कारण तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचं कवच तयार होतं. कापूस मात्र धुऊन पुन्हा घालायचा नाही. तापवल्यावर कॉइलचे वेढे सरकलेले असू शकतात, म्हणून ओहममापकावर तिचा रोध पुन्हा मोजायचा. ०.३ची कॉइल ०.१२ दाखवत असेल तर एखादा वेढा शेजारच्याला किंवा खांबाला टेकलेला आहे.

साफसफाई जमली की नाही

हे डोळ्यांनी कळत नाही. नळीच्या आणि ॲटमायझरच्या मधे बसणारा छोटा व्होल्टमापक मिळतो. बटण दाबलेलं असताना तो काय दाखवतो ते पाहायचं. सेल बाहेर काढून मोजल्यावर ४.१ व्होल्ट आणि दाबल्यावर ३.८ असेल, तर ०.३ व्होल्ट वाटेत गळाले. यातला काही भाग सेलच्या स्वतःच्या रोधाचा असतो, तो कुठल्याही चिंचेने जात नाही. सांध्यांचा वाटा वेगळा काढायचा तर मल्टिमीटरच्या दोन सुया एकाच सांध्याच्या दोन बाजूंना टेकवून बटण दाबायचं: बटणाचं घर आणि नळी, मग नळी आणि ॲटमायझर. ज्या सांध्यावर आकडा मोठा, तो पुन्हा सोडवायचा.

सगळे सांधे मिळून काही शतांश व्होल्टच दिसत असतील आणि तरीही वाफ मंदच असेल, तर घासणं थांबवावं. सेल म्हातारा झालेला असतो. शेकडो वेळा भरून-उतरून त्याचा आतला रोध वाढतो, आणि मग बटण दाबल्यावर तोच तापतो. नळी पुसून ठेवावी आणि नवा सेल आणावा.